दुसऱ्या रिचर्डची चित्रं कशी वाचायची: बिल्ला, दाढी आणि सोन्याचा वर्ख

इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड १३७७ मध्ये गादीवर बसला तेव्हा दहा वर्षांचा होता. १३९९ मध्ये त्याचा चुलतभाऊ हेन्री बोलिंगब्रोक (पुढचा राजा हेन्री चौथा) याने त्याला पदच्युत केलं आणि १४०० च्या सुरुवातीला पाँटिफ्रॅक्टच्या किल्ल्यात, कैदेत, त्याचा अंत झाला. राजकारणात तो हरला, पण कलेच्या इतिहासात त्याचं स्थान पक्कं आहे. स्वतःच्या हयातीत रंगवलेलं मोठं व्यक्तिचित्र आजपर्यंत टिकलेला हा पहिला इंग्रज राजा. त्याशिवाय एक जोडफलक, धातूची समाधीमूर्ती, एक अख्खं दालन आणि कितीतरी सचित्र हस्तलिखितं.

अडचण अशी की इंटरनेटवर त्याचं नाव टाकलं की हे सगळं एकत्र कोसळतं. १३९७ च्या आसपासचं चित्र, १४७५ चं चित्र आणि सोळाव्या शतकाच्या शेवटचं चित्र एकाच ओळीत शेजारी शेजारी दिसतात, आणि पाहणारा तिन्हींतून ‘रिचर्ड कसा दिसायचा’ हे ठरवायला बसतो. ते जमत नाही, कारण यातली बहुतेक चित्रं तो कसा दिसायचा हे सांगण्यासाठी काढलेलीच नाहीत. ती कोणी, कोणासाठी, कधी आणि कशासाठी काढली हे आधी लावावं लागतं. चेहरा सगळ्यात शेवटी पाहायचा.

आधी काळ लावा

समोर आलेलं प्रत्येक चित्र चारपैकी एका गठ्ठ्यात टाका. पहिला गठ्ठा रिचर्डच्या हयातीतला, त्यातल्या मुख्य वस्तू १३८५ ते १३९९ या काळातल्या. दुसरा पदच्युतीनंतर लगेचचा, साधारण १४०१ ते १४०५; यात मुख्यतः फ्रेंच दरबारी जाँ क्रेतों याच्या पद्यवृत्तांताचं हस्तलिखित येतं. तिसरा १४७० ते १४८५ च्या दरम्यान ब्रूजमध्ये (आजच्या बेल्जियममधल्या शहरात) तयार झालेल्या आलिशान इतिहासग्रंथांचा. चौथ्यात ट्यूडर घराण्याचा काळ (१४८५ ते १६०३) आणि त्यानंतरचं सगळं.

चित्राखाली तारीख नसली तरी दोन खुणा हमखास कामी येतात. पहिली म्हणजे ढालीवरची फ्रेंच लिली. तिसऱ्या एडवर्डने १३४० मध्ये फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला आणि इंग्लंडच्या तीन सिंहांच्या जोडीला निळ्या पटावरच्या सोनेरी लिली घेतल्या. त्या वेळी लिली पटभर विखुरलेल्या असत, मोजता येणार नाहीत इतक्या. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, हेन्री चौथ्याच्या काळात, त्यांची संख्या तीनवर आली. म्हणजे रिचर्डच्या ढालीवर नेमक्या तीन लिली दिसल्या तर ते काम त्याच्या मृत्यूनंतरचं, किंवा नंतर कोणीतरी दुरुस्त केलेलं. उलटं मात्र गृहीत धरू नका. विखुरलेल्या लिली दिसल्या म्हणून चित्र जुनंच असेल असं नाही, कारण नंतरचा चित्रकार जुना नमुना समोर ठेवून तशीच ढाल काढू शकतो.

दुसरी खूण चिलखताची. १३८० च्या दशकातला योद्धा टोकदार शिरस्त्राण घालतो, त्याच्या कडेला जोडलेली कड्यांची जाळी मान आणि खांदे झाकते, आणि छातीवर घट्ट कापडी अंगरखा असतो. १४७० च्या दशकातला योद्धा नखशिखांत चकचकीत पत्र्यात असतो, मान मोकळी किंवा पत्र्याची. १३८१ च्या शेतकरी उठावाच्या चित्रात बंडखोर आरशासारख्या पत्र्यात उभे दिसले की ते चित्र उठावानंतर शंभरेक वर्षांनी रंगवलंय हे सांगायला वेगळा तज्ज्ञ लागत नाही. लांब टोकाचे जोडे मात्र दोन्ही काळांत होते, त्यांच्यावर विसंबू नका.

विल्टन जोडफलक: बाहेरून आत

लंडनच्या नॅशनल गॅलरीत हा जोडफलक १९२९ पासून आहे. त्याआधी तो विल्टन हाउसमध्ये, पेम्ब्रोकच्या अर्लांकडे (सरदार घराण्याकडे) होता, म्हणून हे नाव. ओकच्या दोन फळ्या, प्रत्येकी साधारण ५३ बाय ३७ सेंटिमीटर, मध्ये बिजागऱ्या, आणि चारही पृष्ठं रंगवलेली. मिटवून प्रवासात नेता येईल असं हे राजाचं खासगी प्रार्थनेचं साधन. चित्रकाराचं नाव माहीत नाही, तो इंग्रज होता की फ्रेंच यावरही एकमत नाही.

बहुतेक लोक थेट आतल्या निळ्या-सोनेरी बाजूकडे जातात आणि तिथेच चुकतात. सुरुवात बाहेरून करा. एका बाहेरच्या पृष्ठावर गवतफुलांत बसलेलं पांढरं शिंगाळं हरीण आहे. त्याच्या गळ्यात पट्ट्यासारखा मुकुट आणि त्याला सोन्याची साखळी. हे रिचर्डचं वैयक्तिक चिन्ह. दुसऱ्या पृष्ठावर ढाल आणि वर सिंहाचं शिरोभूषण. ढाल उभी दुभागलेली आहे: एका बाजूला इंग्लंड-फ्रान्सचं राजचिन्ह, दुसऱ्या बाजूला क्रूस आणि त्याभोवती पाच पक्षी. हा पक्ष्यांचा क्रूस म्हणजे अकराव्या शतकातला संत-राजा एडवर्ड द कन्फेसर याचं मानलेलं चिन्ह. रिचर्डने ते आपल्या ढालीत घेतलं १३९५ च्या सुमारास. जोडफलक उघडण्याआधीच त्याच्या तारखेचं एक टोक आपल्या हाती आलेलं असतं.

आता आत. डाव्या फळीवर रिचर्ड गुडघे टेकून आहे, मागे तीन संत उभे. हातात बाण घेतलेला संत एडमंड, कारण त्याला बाणांनी मारलं गेलं. अंगठी धरलेला एडवर्ड द कन्फेसर, कारण त्याने भिकाऱ्याला अंगठी दिल्याची कथा आहे. आणि कोकरू घेतलेला योहान बाप्तिस्ता. संत ओळखायचे ते हातातल्या वस्तूवरून. चेहऱ्यावरून ओळखायला गेलात तर हाती काही लागत नाही. एडमंड आणि एडवर्ड हे दोघे राजे, तिसरा रिचर्ड. त्याचा जन्म ६ जानेवारी १३६७ चा, म्हणजे तीन राजांनी बाळ येशूचं दर्शन घेतल्याच्या सणाचा दिवस. तीन राजे आणि समोर आईच्या कडेवरचं बाळ ही मांडणी त्या काळच्या कोणत्याही ख्रिस्ती माणसाला क्षणात कळली असती.

रिचर्डच्या लाल झग्यावर हरणं आहेत आणि भोवती शेंगांची नक्षी आहे. त्याच्या गळ्यातही शेंगांचाच हार. या ब्रूम नावाच्या झुडपाच्या शेंगा, आणि त्या फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याचं चिन्ह. त्याची मुलगी इझाबेल हिच्याशी रिचर्डचं लग्न झालं १३९६ मध्ये. ती तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. म्हणून जोडफलकाची तारीख ढाल आणि शेंगा मिळून १३९५ च्या पुढे सरकवतात, आणि पदच्युती तिला १३९९ च्या अलीकडे अडवते. पहिली बायको, बोहेमियाची अ‍ॅन, १३९४ मध्येच वारली होती.

उजव्या फळीवर मरिया, बाळ आणि अकरा देवदूत. देवदूत मोजा, प्रत्येकाच्या छातीवर पांढऱ्या हरणाचा बिल्ला आहे हे तपासा, मग थोडं थांबा. बिल्ला म्हणजे त्या काळी मालकाच्या चाकरीत असल्याची उघड खूण. सरदारांनी आपल्या माणसांना बिल्ले वाटून टोळ्या पोसायच्या, यावरून पार्लमेंटमध्ये रिचर्डच्या कारकिर्दीत वारंवार तक्रारी झाल्या. अशा काळात स्वर्गातले देवदूत राजाचा बिल्ला लावून उभे आहेत. या चित्राचा सगळा दावा त्या छोट्या पांढऱ्या ठिपक्यांत आहे, आणि राजसत्तेबद्दलच्या रिचर्डच्या कल्पना किती टोकाला गेल्या होत्या हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत असेल असं वाटत नाही.

दोन फळ्यांमधला संवाद वाचायला हात पाहा. रिचर्डचे हात जोडलेले नाहीत, उघडे आहेत: देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे. बाळ त्याच्या दिशेने झुकलंय. मध्ये पांढऱ्यावर लाल क्रूसाचं निशाण, देवदूताच्या हातात. निशाण राजाकडून मरियेकडे गेलंय की तिच्याकडून राजाकडे येतंय, हा प्रश्न मनात ठेवून आता निशाणाच्या काठीचं टोक शोधा. तिथे साधारण एक सेंटिमीटरचा गोळा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्र साफ करताना त्या गोळ्यात एक सूक्ष्म देखावा सापडला: चांदीच्या वर्खाचा समुद्र, त्यात हिरवं बेट, बेटावर पांढरा किल्ला, झाडं, आणि समुद्रात शीड उभारलेली नाव. चांदी काळवंडल्यामुळे समुद्र आज चांदीसारखा दिसत नाही. ते बेट म्हणजे इंग्लंड, आणि राजा ते मरियेच्या चरणी अर्पण करून तिच्या वतीने परत घेतोय, असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. गॅलरीच्या संकेतस्थळावर चित्र मोठं करून पाहता येतं. आधी तिथे गोळा शोधून ठेवा, कारण प्रत्यक्ष काचेसमोर तो शोधताना मागची रांग थांबत नाही.

सोनं पाहण्याची पद्धत वेगळी आहे आणि फोटोत ते जवळजवळ निसटतं. फोटोत सोनं सपाट, मातकट पिवळं दिसतं. प्रत्यक्षात वर्खावर बारीक टोच्याने हजारो ठिपके ठोकलेले आहेत. त्यांच्यावर प्रकाश तिरका पडला की पार्श्वभूमी हलू लागते. म्हणून चित्रासमोर स्थिर उभं राहू नका. आधी दोन मीटरवरून पूर्ण फळी, मग अर्ध्या मीटरवरून, आणि मग गुडघे किंचित वाकवून, डावीकडून उजवीकडे सावकाश सरका. बाळाच्या प्रभावलयात याच ठिपक्यांनी काट्यांचा मुकुट आणि तीन खिळे रेखले आहेत. समोरून ते दिसत नाहीत, बाजूने दिसतात. रिचर्डच्या झग्याची जरी कशी केली तेही याच अंतरावरून कळतं: आधी पूर्ण भागावर वर्ख, त्यावर लाल रंग, आणि मग रंग खरवडून खालचं सोनं नक्षीच्या आकारात उघडं पाडलेलं. रंग अंड्याच्या बलकात कालवलेले आहेत, त्यामुळे तैलचित्रासारखी लकाकी किंवा ओघळ इथे शोधू नका. मरियेचा आणि देवदूतांचा निळा अस्सल लाजवर्दाचा, म्हणजे अफगाणिस्तानातल्या दगडाचा. एवढा निळा वापरणं हाच श्रीमंतीचा डंका होता.

आता चेहरा. जोडफलक रंगवला गेला तेव्हा रिचर्ड तिशीच्या आसपास होता. चित्रातला मुलगा मिसरूडही न फुटलेला. पुष्कळ जण म्हणतात की हा राज्याभिषेकाच्या वेळचा रिचर्ड आणि अकरा देवदूत म्हणजे त्याचं वय. राज्याभिषेक झाला १६ जुलै १३७७ रोजी, त्याला दहा पूर्ण होऊन अकरावं चालू होतं, तेव्हा हा हिशेब अगदीच फेकून देता येत नाही. पण तो हिशेब चित्रात कुठे लिहिलेला नाही. वहीत लिहिताना ‘असू शकेल’ असंच लिहा.

ॲबीतलं मोठं चित्र: किती मूळ, किती नंतरचं

वेस्टमिन्स्टर ॲबीत पश्चिम दरवाजाजवळ टांगलेलं हे चित्र पुरुषभर उंचीचं आहे. फलक सुमारे २१३ बाय ११० सेंटिमीटर, ओकचा, १३९० च्या दशकातला. राजा सिंहासनावर, अंगावर राजवस्त्रं, हातात राजदंड आणि सत्तेचं चिन्ह असलेला गोळा, आणि तोंड थेट आपल्याकडे. ही समोरची बैठकच सर्वांत महत्त्वाची. त्या काळात माणसांचे चेहरे सहसा तीन-चतुर्थांश वळवून किंवा बाजूने काढत. असं सरळ समोर बसवत ते ख्रिस्ताला, किंवा राजमुद्रेवरच्या राजाला.

इथे करायची चूक म्हणजे रंगाच्या पृष्ठभागावर विश्वास ठेवणं. शतकानुशतकं या चित्रावर रंगाचे थर चढत गेले. १८६६ मध्ये जॉर्ज रिचमंड आणि हेन्री मेरिट यांनी ते थर उतरवले आणि खालचा चेहरा बाहेर काढला. त्याच कामात पार्श्वभूमीवरची उठावाची सोनेरी नक्षीही काढून टाकली गेली. म्हणजे आज दिसणारी गुळगुळीत पार्श्वभूमी चौदाव्या शतकातली नव्हे. चौकटही एकोणिसाव्या शतकातली. मग विश्वास कशावर ठेवायचा? आकारावर, बैठकीवर, वस्त्रांच्या मांडणीवर, झग्यावरच्या मुकुटधारी ‘आर’ अक्षरावर आणि चेहऱ्याच्या मूळ रेखाटनावर. जड पापण्या, लांब नाक, हनुवटीवर दाढीचे दोन विरळ झुपके. गालांवरची छटा, ओठांचा रंग, डोळ्यांतला भाव यांवर मात्र निष्कर्ष बांधू नका. या चित्राबद्दल लिहिताना लोक हमखास ‘उदास डोळे’ लिहितात. ती उदासी मूळ चित्रकाराची किती आणि नंतरच्या हातांची किती, हे वेगळं काढता येत नाही.

समाधी: करारनामा शिल्लक असलेलं चित्र

चेहऱ्यासाठी सगळ्यात भरवशाचा पुरावा रंगाचा नाही, धातूचा आहे. अ‍ॅन वारल्यानंतर पुढच्याच वर्षी, १३९५ मध्ये, रिचर्डने तिची आणि स्वतःची जोडसमाधी करायला दिली. दोन्ही करार टिकले आहेत. संगमरवरी चौथऱ्याचं काम हेन्री येवेल आणि स्टीफन लोट या पाथरवटांकडे, २५० पौंडांना. सोन्याचा मुलामा दिलेल्या मूर्तींचं काम निकोलस ब्रोकर आणि गॉडफ्री प्रेस्ट या लंडनच्या तांबटांकडे, ४०० पौंडांना. मूर्तींनी एकमेकांचा उजवा हात हातात धरलेला असावा अशी अट होती. आज ते हातच नाहीत; चोरीला गेले.

म्हणजे हे राजाने स्वतः, जिवंत असताना, आपल्या डोळ्यांसमोर करून घेतलेलं रूप. त्याला आखूड, दुभागलेली दाढी आहे. ही दाढी आणि विल्टन जोडफलकातली गुळगुळीत हनुवटी एकाच चार-पाच वर्षांतल्या. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून पाहा. जोडफलक हुबेहूब चेहरा दाखवण्यासाठी नव्हता हे दुसऱ्या कुठल्याही युक्तिवादाशिवाय पटतं.

मूर्तींच्या वस्त्रांवर ठिपके ठोकून काढलेली चिन्हं आहेत: हरीण, शेंगा, ढगांतून वर येणारा सूर्य. ती ओळखीच्या फोटोंवरून घरीच पाहून जा, कारण प्रत्यक्षात ती दिसणं कठीण. समाधी एडवर्ड द कन्फेसरच्या प्रार्थनागृहात, उंच जोत्यावर आहे. दक्षिणेकडच्या प्रदक्षिणामार्गावरून आपण तिच्या खालून जातो आणि मूर्तींची फक्त कड दिसते. वर जायचं असेल तर ॲबीच्या सेवकांसोबतची मार्गदर्शित फेरी घ्यावी लागते. तिचं तिकीट वेगळं, जागा मोजक्या. आधी चौकशी करा. रिचर्डचं शव मात्र इथे उशिरा आलं. हेन्री चौथ्याने त्याला किंग्ज लँग्लीला पुरलं होतं. १४१३ मध्ये हेन्री चौथ्याचा मुलगा हेन्री पाचवा याने त्याला इथे, रिचर्डने स्वतः बांधून घेतलेल्या जागी, आणलं.

रस्ता ओलांडला की वेस्टमिन्स्टर हॉल. अकराव्या शतकातलं हे दालन रिचर्डने १३९० च्या दशकात नव्याने सजवलं. सुतार ह्यू हर्लंड याने २० मीटरहून जास्त रुंदी मध्ये एकही खांब न ठेवता ओकच्या छताने झाकली. दुर्बीण न्याच, आठपट मोठं दाखवणारी पुरते. तुळयांच्या टोकांना लाकडी देवदूत आहेत आणि त्यांच्या हातात राजाच्या ढाली. मग नजर भिंतींवरच्या दगडी पट्टीवर आणा; तिथे तेच हरीण पुन्हा पुन्हा कोरलंय. दक्षिण टोकाला राजांचे दगडी पुतळे आहेत. १३८५ मध्ये तेरा करायला दिले होते, त्यांतले सहा तिथे उभे आहेत.

हस्तलिखितं: राजा एकाच चित्रात दोनदा

क्रेतों १३९९ मध्ये रिचर्डसोबत आयर्लंडला गेला होता आणि वेल्समध्ये राजा पकडला गेला तेव्हाही तो जवळच होता. त्याच्या वृत्तांताची प्रत, हार्ली १३१९ या क्रमांकाची, ब्रिटिश लायब्ररीत आहे, त्यात १६ चित्रं. ती पॅरिसमध्ये, घटनेनंतर पाच-सहा वर्षांच्या आत रंगवलेली. मजकूर साक्षीदाराचा, पण चित्रकार साक्षीदार नव्हता, हा फरक विसरू नका. तपशील वाचायचे ते पक्ष ओळखण्यासाठी: लेखकाची सहानुभूती राजाकडे आहे आणि चित्रं त्याच बाजूने बोलतात. शपथ घेणारा नॉर्थम्बरलंडचा अर्ल, वेल्समधल्या फ्लिंटच्या किल्ल्यात राजासमोर वाकलेला बोलिंगब्रोक, आणि शेवटी पार्लमेंटमध्ये रिकामं सिंहासन. त्या शेवटच्या चित्रात माणसांची गर्दी सोडून आधी ती रिकामी जागा पाहा.

त्या काळचा फ्रेंच भाषेतला वृत्तांतकार जाँ फ्र्वासार याच्या इतिहासग्रंथांची गोष्ट वेगळी. तो १३९५ मध्ये रिचर्डला भेटला होता, पण आपल्याला माहीत असलेल्या झगमगीत प्रती ब्रूजमध्ये १४७० नंतर तयार झाल्या. सगळ्यात जास्त फिरणारं चित्र ब्रिटिश लायब्ररीच्या रॉयल १८ ई १ या प्रतीतलं, सुमारे १४८३ चं, पान १७५. विषय १५ जून १३८१: स्मिथफील्डच्या मैदानात लंडनचा महापौर विल्यम वॉलवर्थ शेतकरी उठावाचा नेता वॉट टायलर याच्यावर वार करतो.

हे चित्र पाहताना नवख्याचा गोंधळ एका जागी होतो: मुकुट घातलेले दोन घोडेस्वार. दोघेही रिचर्डच. डावीकडे तो टायलरवर वार होताना पाहतोय, उजवीकडे पुढच्या क्षणी बंडखोरांच्या फळीसमोर जाऊन बोलतोय. एकाच चौकटीत दोन क्षण दाखवायची ही जुनी रीत. म्हणून अशा चित्रात आधी सारखे कपडे आणि सारखा मुकुट शोधा, मग क्रम लावा. मग बंडखोरांकडे या. ते रांगेत, पत्र्याच्या चिलखतात, निशाणं उंचावून उभे आहेत. खरे शेतकरी असे दिसत नव्हते. ब्रूजच्या कारखान्यात ‘सैन्य’ रंगवायचा एक ठरलेला साचा होता आणि चित्रकाराने तोच वापरला. याच प्रतीत १६५ व्या पानाच्या मागच्या बाजूला घोड्यावरून प्रवचन करणारा, उठावाच्या बाजूचा पाद्री जॉन बॉल आहे. तिथेही ऐकणारे असेच लोखंडात मढलेले. चौदा वर्षांच्या राजाने त्या दिवशी काय केलं याचा पुरावा लिखित वृत्तांतांत शोधायचा. या चित्रातून कळतं ते १४८३ च्या सधन गिऱ्हाइकाला उठावाकडे कसं पाहायला आवडत होतं एवढं.

हस्तलिखित शोधताना पानाची खूण नीट उतरवा. संग्रहालयं पृष्ठ मोजत नाहीत, पानं मोजतात: एका पानाची दर्शनी आणि मागची अशा दोन बाजू. बाजू लिहायची राहिली की चित्र सापडत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात ब्रिटिश लायब्ररीची डिजिटल हस्तलिखितं बंद पडली आणि नंतर टप्प्याटप्प्याने परत येऊ लागली. एखादी प्रत उघडत नसेल तर विकिमीडिया कॉमन्सवर जुन्या स्कॅनच्या प्रती पाहा. तिथे एकाच चित्राच्या तीन-चार फाइल असतात आणि कोणीतरी रंग भडक केलेले असतात. सगळ्यात मोठी आणि ग्रंथालयाच्या नावाने चढवलेली फाइल घ्या. ब्रूजचा सरदार लुई द ग्रुथूस याची फ्र्वासार प्रत, फ्रांसे २६४३ ते २६४६, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका संकेतस्थळावर मिळते.

ट्यूडर काळातले राजांचे संच, ज्यांतला एक नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे, झटपट उरकले तरी चालतील. त्यांतला रिचर्ड ॲबीच्या चित्रावरूनच उतरवलेला. स्वतंत्र पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. नंतरच्या लोकांनी राजांची वंशमालिका भिंतीवर कशी लावली हे पाहायला तो चांगला.

टिपण आणि पायपीट

प्रत्येक कृतीसाठी वहीत एवढं लिहा: वस्तू आज कुठे आहे आणि तिचा क्रमांक, माप, कशावर कशाने केली, करवून घेणारा, तारखेची दोन टोकं आणि ती कशावरून, नंतर काय बदललं, आणि सर्वांत शेवटी राजा कसा दिसतो. माप कधीही सोडू नका. पडद्यावर जोडफलक आणि ॲबीचं चित्र सारख्याच आकाराचे दिसतात. खरं पाहता एक मांडीवर मावतो, दुसऱ्यासमोर माणूस खुजा दिसतो.

लंडनला एक दिवस असेल तर सकाळी ॲबी उघडताच आत जा. आधी मोठं चित्र, मग समाधी. रविवारी ॲबी पर्यटकांना बंद असते. नंतर हॉल, मात्र तिथला प्रवेश पार्लमेंटच्या कामकाजावर अवलंबून, म्हणून आदल्या दिवशी खात्री करा. मग व्हाइटहॉलने ट्रफाल्गर चौकापर्यंत पंधरा मिनिटं चालत नॅशनल गॅलरी. प्रवेश मोफत आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडी. जोडफलक शेवटी ठेवण्याचं कारण असं की तोपर्यंत हरीण, शेंगा आणि पक्ष्यांचा क्रूस तुमच्या नजरेत बसलेले असतात आणि बाहेरच्या बाजूपासूनच चित्र उलगडू लागतं. गर्दी असेल तर आधी मागची बाजू पाहून घ्या, तिथे सहसा कोणी थांबत नाही.

चित्रातले मुकुट कितपत खरे, असा प्रश्न पडला तर त्याचं उत्तर लंडनमध्ये नाही, म्यूनिकच्या रेझिडेंझमधल्या खजिन्यात आहे. तिथे सोन्याचा, नीलम, माणकं आणि मोती जडवलेला एक मुकुट आहे. रिचर्डला पदच्युत केल्यावर १३९९ मध्ये झालेल्या जडजवाहिराच्या यादीत त्याची नोंद सापडते. १४०२ मध्ये हेन्री चौथ्याची मुलगी ब्लांश जर्मनीत लग्न होऊन गेली तेव्हा तो तिच्याबरोबर गेला, आणि म्हणूनच वाचला. त्याच्या लिलीच्या आकाराच्या उंच टोकांचा फोटो काढून जोडफलकातल्या एडमंड आणि एडवर्डच्या मुकुटांशेजारी ठेवा, आणि चित्रकाराने सोनारकाम किती बारकाईने पाहिलं होतं ते तपासा.